‘बदलून बघू’ या रीतीचा प्रतिवाद

चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी पिकअप किंवा जीप ठरावीक वेगाला थरथरू लागली की बहुतेक गॅरेजांत तिच्यावर जो इलाज होतो, त्याचे वर्णन तिथल्याच दोन शब्दांत करता येते: ‘बदलून बघू’. आधी चाकांचे बॅलन्सिंग करायचे, त्याने भागले नाही तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलायचे, मग सेंटर बेअरिंग, मग इंजिन-गिअरबॉक्सखालची फाउंडेशनची रबरे, आणि एवढे करूनही थरथर उरलीच तर ‘फोर बाय फोर आहे, थोडे व्हायब्रेशन असणारच’ असे सांगून गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची. या रीतीचे समर्थन करणारे अडाणी नाहीत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. ते म्हणतात, की स्वस्त भागाकडून महाग भागाकडे जाणारा हा क्रम व्यवहाराला धरून आहे आणि बहुतेक वेळा गाडी बरी होते. अनुभवी मिस्त्रीच्या हाताला आणि कानाला दोष कळतोच. आणि मोजमाप ही कारखान्यातली चैन असून रस्त्याकडेच्या गॅरेजला ती परवडत नाही. हे सारे म्हणणे चुकीच्या पायावर उभे आहे, कारण फिरणाऱ्या भागातून निघणाऱ्या प्रत्येक कंपनाला स्वतःचा आकडा असतो, दोषी भाग कोणता हे तो आकडाच सांगतो, आणि तो मोजण्याआधी पाना हातात घेणे याला फार तर खटपट म्हणता येईल, निदान म्हणता येणार नाही.

इंजिनाची ताकद क्लच आणि गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. ट्रान्सफर केस म्हणजे ती ताकद पुढच्या आणि मागच्या आसाकडे वाटून देणारी पेटी. तिच्यातून निघणारे दोन प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पोलादी नळीचे लांब दांडे, पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलपर्यंत जातात, तिथे पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक मोठ्या क्राउन चाकाला फिरवते, आणि त्यातून वेग कमी होऊन तो चाकांना मिळतो. या साखळीचे महत्त्वाचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातले इंजिन, शाफ्ट आणि चाक एकाच वेळी वेगवेगळ्या गतीने फिरत असतात आणि निवडलेल्या गिअरमध्ये त्या गतींचे परस्परांशी असलेले प्रमाण दातांच्या संख्येने पक्के बांधलेले असते. म्हणूनच गाडीच्या तळात आत न डोकावताही कंपन कोठून येते हे ओळखता येते.

उदाहरणादाखल २३५/७५ आर १५ मापाच्या टायरची पिकअप घ्यावी. या मापानुसार टायरचा व्यास सुमारे ७३ सेंटिमीटर येतो. वजनाखाली टायर दबत असल्याने एका फेऱ्यात गाडी प्रत्यक्षात साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, तेव्हा चाक सेकंदाला ९.९ फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण ४.१ असेल तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ४०.५ फेरे घेतो, आणि पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८ असेल तर इंजिन सेकंदाला ३२ फेरे, म्हणजे मिनिटाला १,९४० च्या आसपास, फिरते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, त्यामुळे इंजिनाचा मुख्य ठोका सेकंदाला ६५ वेळा पडतो. सेकंदाला किती वेळा, या मापाला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये सांगतात. याचा अर्थ असा, की ८० च्या वेगाला गाडी १० हर्ट्झने थरथरत असेल तर दोष चाकात, टायरात, ब्रेक ड्रममध्ये किंवा हबमध्ये आहे, २० हर्ट्झ दिसल्यास टायर लंबगोल झाला असण्याचा संभव आहे, ४०.५ हर्ट्झ असेल तर शाफ्टचा तोल गेला आहे किंवा तो वाकला आहे. ६५ असेल तर इंजिन आणि त्याची फाउंडेशने पाहावी लागतील. आणि ८१ असेल तर शाफ्टचे सांधे ज्या कोनात काम करतात तो कोन बिघडला आहे. ८१ हर्ट्झने थरथरणाऱ्या गाडीच्या चाकांचे बॅलन्सिंग दहा वेळा केले तरी काडीचा फरक पडणार नाही, आणि हे पहिल्या दिवशी, एकही बोल्ट न खोलता, सांगता येते.

८१ हा आकडा, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन झटके, कोठून येतो हे समजून घेतल्याशिवाय क्रॉस बदलण्याच्या सवयीतला दोष उघडा पडत नाही. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, ज्याच्या चार टोकांवर सुईसारख्या बारीक रोलरांच्या टोप्या बसतात आणि जो दोन योकांना, म्हणजे दुबेळक्यासारख्या दोन जबड्यांना, कोनात असतानाही एकत्र फिरवतो. युरोपात या सांध्याला सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्डानोचे आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचे नाव जोडले गेले आहे. या सांध्याचा मूळ स्वभाव असा, की अलीकडचा दांडा एकसारखा फिरत असला तरी कोनात असलेला पलीकडचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंशांचा असेल तर हा चढउतार शेकडा ०.१४ इतकाच असतो, पण १० अंशांवर तो शेकडा दीडवर जातो, म्हणजे कोन तिपटीहून थोडा अधिक वाढला तर चढउतार दहापटीहून अधिक वाढतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनात दुसरा क्रॉस बसवला आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत ठेवले की पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा भरून काढतो आणि पिनियनला गती पुन्हा एकसारखी मिळते. मात्र मधला शाफ्ट स्वतः धावतरेंगाळतच राहतो, म्हणून कोन दोन्हीकडे सारखे असूनही मोठे असतील तर थरथर पूर्णपणे जात नाही.

यातून निघणारा निष्कर्ष ‘बदलून बघू’च्या पहिल्या समर्थनाच्या मुळावर येतो. नवाकोरा, निर्दोष क्रॉस चुकीच्या कोनात जुन्या क्रॉसइतकेच कंपन निर्माण करतो, कारण दोष क्रॉसच्या धातूत नसून भूमितीत असतो. मग क्रॉस बदलल्यावर कित्येक गाड्या खरोखर बऱ्या होतात, त्याचे काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. काही गाड्यांत क्रॉस खरोखरच झिजलेला असतो, हे मान्यच आहे. पण क्रॉस बदलायला शाफ्ट उतरवावा लागतो, त्याचे फ्लँज, म्हणजे पिनियनला जोडणारी चकती, सोडवावी लागते, आणि परत बसवताना तो पूर्वीच्याच जागी बसेल याची खात्री नसते. शाफ्टचा जड भाग आणि पिनियनच्या चकतीचा जड भाग पूर्वी एकाच बाजूला आले असतील आणि आता अर्धा फेरा फिरून समोरासमोर आले असतील, तर कंपन नाहीसे होते आणि श्रेय मात्र नव्या क्रॉसला मिळते. याच्या उलटही घडते. लांबी कमीजास्त होण्यासाठी शाफ्टमध्ये दातेरी सरकता सांधा असतो, त्याचे दोन भाग वेगळे करताना खूण केली नाही आणि १६ दातांच्या सांध्यात एका दाताची चूक झाली, तर दोन्ही योक २२.५ अंशांनी एकमेकांपासून फिरतात आणि जे कंपन आधी नव्हतेच ते दुरुस्तीतून जन्माला येते. अशा परतलेल्या गाडीला पुढचा भाग म्हणून सेंटर बेअरिंग सुचवले जाते. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाचा एक फराटा ओढायला अर्धा मिनिट लागतो. तो फराटा न ओढता केलेल्या दुरुस्तीतून काहीच सिद्ध होत नाही, गाडी बरी झाली तरीही नाही.

स्वस्ताकडून महागाकडे जाण्याच्या क्रमात तपासणीचा क्रम म्हणून गैर काहीच नाही. चाके आधी पाहणे बरोबरच आहे, कारण पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये काळी माती चिकटून वाळलेली असते आणि तिचा ३०० ग्रॅमचा गोळा केंद्रापासून १९ सेंटिमीटरवर असेल तर ८० च्या वेगाला तो सुमारे २२ किलो वजनाइतक्या जोराने चाकाला सेकंदातून दहा वेळा ओढतो. ४० च्या वेगाला हाच जोर एक चतुर्थांश होतो, म्हणून गावात न जाणवणारी थरथर महामार्गावर हात बधिर करते. पाण्याच्या फवाऱ्याने रिमची आतली बाजू धुणे ही या क्षेत्रातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी आहे. पण तपासणीचा क्रम आणि भाग बदलण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अनुभवी हाताचा आणि कानाचा मुद्दा अधिक आदराने तपासायला हवा, कारण वर्षानुवर्षे गाड्यांखाली काढलेल्या माणसाला कंपन कोठे जाणवते यावरून खूप काही कळते. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलते तेव्हा पुढच्या चाकांकडे बोट जाते, सीट आणि फरशी थरथरते तेव्हा मागच्या बाजूकडे. १० हर्ट्झचे कंपन ऐकू येत नाही, फक्त जाणवते, तर ४० हर्ट्झचे कंपन ‘घूं’ असा घुमारा होऊन कानात भरते. इथपर्यंत हाताचे आणि कानाचे म्हणणे खरे आहे. परंतु सर्वांत महत्त्वाचा फरक ओळखण्याची वेळ येते तेव्हा नेमका कानच दगा देतो. शाफ्टचा तोल गेला असल्याचा आकडा ४०.५ आणि कोन बिघडल्याचा आकडा ८१, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि दुप्पट वारंवारता म्हणजे संगीताच्या भाषेत खर्जातला सा आणि मध्य सप्तकातला सा. या दोन स्वरांमध्ये इतके साम्य असते, की संगीतशास्त्राने त्यांना एकच नाव दिले आहे. तयार गवई त्यांतला फरक क्षणात सांगेल, पण डिझेल इंजिनाच्या आणि टायरांच्या गोंगाटात, एकदाच ऐकून, हा घुमारा वरचा की खालचा हे ठरवण्याची जबाबदारी मिस्त्रीच्या कानावर टाकणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. आणि या दोन आकड्यांवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत: पहिल्याला शाफ्टचे बॅलन्सिंग लागते, दुसऱ्याला त्याचा यत्किंचितही उपयोग नसतो.

मोजमाप परवडत नाही हे म्हणणे एके काळी खरे असेल, आज ते टिकत नाही. मिस्त्रीच्या खिशातल्या फोनमध्ये त्वरणमापक असतो, म्हणजे हादरा मोजणारा सूक्ष्म संवेदक, आणि जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्र विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत ॲप त्या संवेदकाच्या नोंदीतून कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे याचा आलेख काढून देते. फोन सीटच्या लोखंडी रुळावर घट्ट बांधावा, वेग जीपीएसवर पाहावा, कारण गाडीचा स्पीडोमीटर सहसा थोडा जास्तच वेग दाखवतो, आणि तो वेग किमान १० सेकंद स्थिर ठेवावा. १० सेकंदांच्या नोंदीतून एक दशांश हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो, आणि तो लागतोच, कारण वरच्या उदाहरणात चाकाचा चौथा गुणक ३९.५ आणि शाफ्टचा आकडा ४०.५ यांच्यात एकाच हर्ट्झचे अंतर आहे.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवणेही तितकेच घातक आहे. फोन सेकंदाला १०० वेळाच नोंद घेत असेल तर त्याला ५० हर्ट्झच्या वरचे खरे दिसत नाही, आणि ८१ हर्ट्झचे कंपन आलेखात १९ हर्ट्झच्या जागी खोटेच उमटू शकते. १९ हा आकडा लंबगोल टायरच्या आकड्याला इतका लागून आहे, की ज्याला हा धोका माहीत नाही तो निरपराध टायर बदलायला सांगेल. म्हणून आकड्याची शहानिशा गाडीच्या वागण्यातून करावी लागते. मोकळ्या सपाट रस्त्यावर त्याच ८० च्या वेगाला एकदा पाचव्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवून पाहिले, आणि कंपन दोन्ही वेळा त्याच आकड्यावर राहिले, तर इंजिन निर्दोष सुटते. मात्र बऱ्याच गाड्यांत चौथा गिअर सरळ असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे केवळ चौथ्यात घेतलेली नोंद या दोघांना वेगळे करू शकत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर कंपन वाढते की सोडल्यावर, हेही पाहावे. ताकद लागताच मागचे कमानपाटे पिळले जाऊन पिनियनचे नाक वर उचलते आणि कोन बदलतो, त्यामुळे फक्त चढावर येणारी थरथर पुष्कळदा कोनाची असते. कोन मोजायला ओळंबा आणि कोनमापक पुरतो: गाडी सपाटीवर चाकांवर उभी असताना ट्रान्सफर केसच्या आणि पिनियनच्या चकतीचा कल घ्यावा, आणि साध्या दोन-सांध्यांच्या शाफ्टमध्ये त्या दोन आसांतला फरक एका अंशाच्या आत आहे का ते पाहावे.

राहता राहिला शेवटचा निर्वाळा, की फोर बाय फोर गाडी थरथरणारच. हा निर्वाळा सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण तो तपासच बंद करतो. अशा गाडीत फिरणारे भाग जास्त असतात हे खरे, पण त्यामुळे तपास अवघड होण्याऐवजी सोपा होतो, कारण पुढची साखळी वेगळी काढता येते. जुन्या जीपगाड्यांत पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतात. टू व्हील ड्राइव्हमध्ये ते मोकळे केले की पुढचा शाफ्ट थांबतो, आणि कंपनही थांबले तर दोषी भागाचा पत्ता दोन मिनिटांत लागतो. हब मोकळे होत नसतील तर पुढचा शाफ्ट उतरवून, उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असल्यास, टू व्हील ड्राइव्हमध्ये गाडी चालवून पाहता येते. मागचा शाफ्ट उतरवताना मात्र चाकांना आधी दगड किंवा गुटके लावावेत, कारण काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच असतो आणि शाफ्ट निघाला की तो चाकांना धरत नाही.

या गाड्यांचे आणखी एक खास लक्षण आहे आणि ते ‘असणारच’ म्हणून सर्रास सोडून दिले जाते: दर चार-पाच सेकंदांनी घुमारा वाढतो, ओसरतो आणि पुन्हा वाढतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की जी लाट ऐकू येते तीच ही लाट. पुढच्या आणि मागच्या टायरांच्या नक्षीत केवळ २ मिलिमीटरचा फरक असला तरी, ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकत्र जखडलेले नसताना, त्यांच्या गतीत शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक फरक पडतो, आणि ४०.५ हर्ट्झला तो दर साडेचार सेकंदांनी एक लाट उठवतो. लाट ऐकू आली म्हणजे दोन्ही शाफ्ट थोडेथोडे बिघडलेले आहेत हे कळते. एकच बदलला तर लाट जाते आणि सलग घुमारा उरतो, आणि तो पाहून ‘नवा शाफ्टही खराब निघाला’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

मूळ बांधणीत शांत असलेली गाडी उंच करून घेतल्यावर थरथरू लागते, तेव्हा तर ‘असणारच’ म्हणणे अक्षम्य आहे. ५ सेंटिमीटर उंची वाढवली तर १२० सेंटिमीटरच्या शाफ्टचा कोन २.४ अंशांनी वाढतो, पण ६० सेंटिमीटरच्या आखूड शाफ्टचा कोन जवळपास ५ अंशांनी वाढतो. मूळ कोन ४ अंश असेल तर तो ९ होतो आणि गतीचा चढउतार पाचपट होतो. उंची वाढवणाऱ्याने त्याच दिवशी आस पाचरीने वळवून किंवा दुहेरी सांध्याचा शाफ्ट बसवून कोन सावरायला हवा होता. ही थरथर केवळ त्रासाची नसते. तिच्यामुळे पिनियनचे ऑइल सील गळू लागते, बेअरिंग खचते, आणि शेवटी क्रॉस तुटतो. तो पुढच्या टोकाला तुटला तर फिरता शाफ्ट रस्त्यात रुततो आणि गाडी उधळते. माल आणि माणसे भरून घाट उतरणाऱ्या पिकअपच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

या रीतीचे खरे कारण अज्ञान नाही, हे इथे स्पष्ट म्हणायला हवे. बिलात ‘क्रॉस २ नग’ ही ओळ मालकाला पटते, ‘रस्त्यावर चाचणी, दीड तास’ ही ओळ पटत नाही, आणि ज्या श्रमाचे पैसे मिळत नाहीत ते श्रम कोणी करत नाही. मिस्त्रीने मोजावे असे वाटणाऱ्या मालकाने मोजण्याचे पैसे द्यावेत, भाग एकही बदलला गेला नाही तरी द्यावेत. आणि मिस्त्रीने जॉबकार्डावर वेग, गिअर, ताकद लावलेली की सोडलेली, हबची स्थिती आणि हर्ट्झमधला आकडा दुरुस्तीच्या आधी आणि नंतर लिहून द्यावा.

ज्या मालकाला असे कार्ड मिळत नाही, त्याने निदान उतरवलेला जुना क्रॉस मागून घ्यावा. टोप्या काढून तो रॉकेलने पुसावा आणि चारही टोकांवरून अंगठ्याचे नख आडवे फिरवावे. क्रॉस झिजलेला असेल तर सुयांनी कोरलेल्या बारीक चरांत नख अडकते, आणि कडेला गंजाची तांबूस भुकटी दिसते. चारही टोके काचेसारखी गुळगुळीत लागली, तर थरथरीचा दोष त्या क्रॉसचा नव्हता.